न पाठवलेले ठसे: सदरलँड स्प्रिंग्ज प्रकरणाचा अभ्यास

एप्रिल २०१६ मध्ये टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओ शहरात पंचवीस वर्षांच्या एका तरुणाने दुकानातून रुगर एआर-५५६ रायफल घेतली. फॉर्म भरला, ओळखपत्र दाखवलं. दुकानाने केंद्रीय यंत्रणेकडे विचारणा केली, ‘विकायला हरकत नाही’ असं उत्तर आलं आणि रायफल त्याच्या ताब्यात गेली. दुकानाच्या बाजूने पाहिलं तर सगळं रीतसर झालं होतं.

एकोणीस महिन्यांनी, ५ नोव्हेंबर २०१७ च्या रविवारी सकाळी, त्याच रायफलने त्याने सदरलँड स्प्रिंग्ज या छोट्या वस्तीतल्या फर्स्ट बाप्टिस्ट चर्चमध्ये गोळीबार केला. पोटातलं एक बाळ धरून २६ जण गेले, २२ जखमी झाले. तीस-तीस गोळ्यांची १५ रिकामी मॅगझिन तपासात सापडली. पाठलागानंतर हल्लेखोराने स्वतःला गोळी घातली.

बातम्यांत हे प्रकरण ‘सामूहिक गोळीबार’ या खात्यावर जमा झालं आणि तिथेच राहिलं. कौटुंबिक हिंसाचाराचं काम करणारे ते वेगळ्या खात्यात ठेवतात. या चर्चमध्ये हल्लेखोराच्या दुसऱ्या पत्नीच्या माहेरची माणसं जायची. सासूला त्याने धमकीचे मेसेज पाठवले होते. सासू त्या दिवशी तिथे नव्हती. पत्नीची आजी होती, आणि ती मारली गेली. पाच वर्षांपूर्वी हाच माणूस हवाई दलात असताना पहिल्या पत्नीला आणि तिच्या तान्ह्या मुलाला मारहाण केल्याबद्दल कोर्ट मार्शलमध्ये दोषी ठरला होता. मुलाची कवटी फ्रॅक्चर झाली होती. गुन्हा त्याने स्वतः कबूल केला होता.

म्हणजे त्याला बंदूक विकायला कायद्याने बंदी होती, आणि तरीही २०१४ ते २०१७ या काळात त्याने परवानाधारक दुकानांतून चार बंदुका घेतल्या. या अभ्यासाचा विषय तेवढाच आहे: बंदी होती, तर ती दुकानाच्या काउंटरपर्यंत का पोचली नाही?

बंदी नेमकी कोणती

अमेरिकेत बंदूक बाळगायला केंद्राचा परवाना लागत नाही. मुळात सगळ्यांना मुभा, आणि ज्यांना नाही त्यांची कायद्यात यादी, अशी रचना आहे. ही यादी अमेरिकी संहितेच्या १८ व्या भागात, कलम ९२२(जी) मध्ये आहे. तिची चार पोटकलमं इथे पाहायची आहेत.

पहिल्या पोटकलमात, एक वर्षाहून जास्त कैद होऊ शकेल अशा गुन्ह्यात दोषी ठरलेल्यांना बंदी आहे. इथे वाचणारे हमखास चुकतात. बघायची असते ती शक्य असलेली कमाल शिक्षा, प्रत्यक्षात झालेली नव्हे. या माणसाला बरोबर बारा महिने कैद झाली होती. ‘एक वर्षाहून जास्त कुठे झाली?’ असं म्हणून फाइल बाजूला ठेवली तर ती चूक ठरते, कारण त्याच्यावरच्या आरोपांची कमाल शिक्षा वर्षापेक्षा जास्त होती.

सहाव्या पोटकलमात ‘डिसऑनरेबल डिस्चार्ज’ म्हणजे अप्रतिष्ठेने बडतर्फी मिळालेल्या सैनिकांना बंदी आहे. याला मिळाला तो ‘बॅड कंडक्ट डिस्चार्ज’, म्हणजे गैरवर्तनासाठी बडतर्फी. कानाला दोन्ही सारखेच वाटतात, पण कायद्याच्या लेखी फरक मोठा आहे: बॅड कंडक्टमुळे बंदूकबंदी लागू होत नाही. ‘लष्कराने हाकललं, म्हणजे बंदी आलीच’ असं समजून निर्धास्त होणारे वकीलही असतात.

आठवं पोटकलम १९९४ चं. जोडीदाराला संरक्षण देणारा न्यायालयाचा आदेश चालू असेपर्यंत बंदी, मात्र प्रतिवादीला नोटीस आणि सुनावणीची संधी मिळालेली असली पाहिजे. एकतर्फी तातडीचा आदेश त्यात बसत नाही. घर सोडल्यानंतरचे सर्वांत धोक्याचे दिवस नेमके याच काळात येतात.

नववं पोटकलम १९९६ चं, सिनेटर फ्रँक लॉटनबर्ग यांच्या नावाने ओळखलं जाणारं. कौटुंबिक हिंसाचाराचा गुन्हा ‘मिसडिमीनर’ म्हणजे कनिष्ठ दर्जाचा ठरला तरी बंदी. हे लिहायची गरज का पडली? बायकोला केलेली मारहाण सरकारी वकिलाशी तडजोड होऊन बहुतेक वेळा कनिष्ठ गुन्ह्यावर येऊन थांबते, आणि पहिल्या पोटकलमाच्या जाळ्यातून निसटते. नवव्या पोटकलमातून पोलीस आणि सैनिकांनाही सूट नाही, सरकारी शस्त्रासाठीसुद्धा नाही. आठव्यात ती सूट आहे.

आपला माणूस पहिल्यातही बसत होता आणि नवव्यातही.

काउंटरवर काय होतं

गिऱ्हाईक ४४७३ क्रमांकाचा फॉर्म भरतं. गंभीर गुन्ह्यात दोषी आहात का, कौटुंबिक हिंसाचाराच्या गुन्ह्यात दोषी आहात का, असे सरळ प्रश्न त्यात असतात. खोटं उत्तर देणं हा स्वतंत्र गुन्हा आहे, पण खोटं बोलणाऱ्याला त्या क्षणी अडवतं ते उत्तर नव्हे, तपासणी. दुकान नाव, जन्मतारीख वगैरे तपशील ‘निक्स’ या यंत्रणेला देतं. ती एफबीआय चालवते आणि ३० नोव्हेंबर १९९८ पासून सुरू आहे. काही राज्यांत हीच तपासणी राज्याची यंत्रणा करते, पण केंद्राची माहिती तिला त्याच संग्रहांतून मिळते.

निक्स तीन ठिकाणी पाहते: गुन्हेगारी इतिहासाची आंतरराज्य सूची, वॉरंट आणि संरक्षण आदेश असलेला राष्ट्रीय संग्रह, आणि खास बंदूकबंदीसाठी ठेवलेली निक्सची स्वतःची सूची. उत्तर तीनपैकी एक येतं: विका, थांबा, विकू नका. ‘थांबा’ आलं आणि कामकाजाचे तीन दिवस उलटून गेले तर दुकानदार विकू शकतो. मंजूर झालेल्या व्यवहाराची ओळख पटवणारी माहिती २४ तासांत पुसली जाते.

दुकानात ठसे घेत नाहीत. तिथली तपासणी नावावर चालते. पण ज्या इतिहासात ते नाव शोधायचं, तो इतिहास ठशांवर उभा असतो. या प्रकरणाचं सगळं मर्म इथे आहे.

नोंद जन्माला कशी येते

लष्करी तपासात एफबीआयकडे दोन कागद जायला हवेत. पहिला म्हणजे एफडी-२४९, ठशांचं कार्ड. त्यावर दहा बोटांचे दहा चौकोन, प्रत्येक बोट नखाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत लोटवून घेतलेलं. खाली दोन्ही हातांची चार-चार बोटं आणि अंगठे सरळ दाबून घेतलेले. खालच्या ठशांवरून वरच्या चौकोनांतली बोटांची अदलाबदल पकडता येते. या कार्डाने माणूस आणि आरोप यांची गाठ बांधली जाते. दुसरा कागद आर-८४, म्हणजे अंतिम निकालाचा अहवाल: दोषी, निर्दोष की आरोप मागे.

क्रम महत्त्वाचा. कार्ड आधी पोचलेलं नसेल तर नंतर आलेल्या निकालाला जोडायला खुंटीच नसते. उलट, कार्ड पोचलं आणि निकाल आला नाही, तर नोंदीत नुसता आरोप दिसतो आणि तपासनिसाला शोधाशोध करावी लागते. तरी त्या शोधाशोधीत विक्री निदान ‘थांबा’वर अडकते. दोन्ही गेले नाहीत तर माणूस कोरा.

या माणसाच्या मागे हवाई दलाची दोन पथकं होती: तळावरचं सुरक्षा दल आणि हवाई दलाचं विशेष तपास कार्यालय. न्यू मेक्सिकोतल्या हॉलोमन तळावर २०११ मध्ये बाळाच्या जखमांवरून तपास सुरू झाला. जून २०१२ मध्ये तो मानसोपचार केंद्रातून पळाला, पकडला गेला आणि खटल्याआधीच्या कोठडीत गेला. नोव्हेंबर २०१२ मध्ये दोषी ठरला. संरक्षण खात्याच्या महानिरीक्षकांनी डिसेंबर २०१८ च्या अहवालात मोजणी मांडली: ठसे पाठवायच्या चार संधी, अंतिम निकाल पाठवायच्या दोन. सहाच्या सहा हुकल्या. न पाठवण्याला कोणतंही सबळ कारण नव्हतं, असंही अहवालात म्हटलं आहे.

खटला मोठा, गुन्हा गंभीर, आरोपी धोकादायक म्हणून तळावर माहीत असलेला. लक्ष नव्हतं असं म्हणताच येत नाही. लक्ष खटल्यावर होतं, टपालावर नव्हतं.

का हुकलं

एकाच कारकुनावर बोट ठेवायचा मोह होतो, पण आकडे वेगळं सांगतात. महानिरीक्षकांनी १९९७ मध्येच लष्कराच्या तिन्ही दलांत हे कागद मोठ्या प्रमाणावर पोचत नसल्याचं दाखवलं होतं. २०१५ मध्ये पुन्हा दाखवलं. चर्चमधल्या हत्याकांडानंतर महिन्याभरात, डिसेंबर २०१७ मध्ये आलेल्या अहवालात दोषी ठरलेल्या २,५०२ जणांची तपासणी होती. ६०१ जणांचे ठसे गेलेले नव्हते, म्हणजे २४ टक्के. ७८० जणांचे अंतिम निकाल गेलेले नव्हते, ३१ टक्के. दर चार दोषींमागे एकाचे ठसे पोचत नसतील, तर ती यंत्रणेची सवय म्हणावी लागते.

सवय कशी लागते हे अशा फायली हाताळणाऱ्यांना चांगलं माहीत असतं. ठसे तपासाच्या सुरुवातीला, संशयिताच्या जबाबानंतर पुरेसं कारण दिसताच पाठवायचे असतात. पण ‘आधी निकाल लागू दे, मग सगळं एकदमच पाठवू’ असं म्हणून कार्ड फाइलमध्ये पडून राहतं. निकाल लागेपर्यंत अधिकाऱ्याची बदली झालेली असते. दोन पथकं एकाच माणसावर काम करत असतील, तर दुसऱ्याने पाठवलं असेल असं दोघांनाही वाटतं. वरिष्ठ फाइल बंद करताना ‘ठसे घेतले’ या रकान्यावर टिक पाहतात, ‘पोचले का’ हे विचारत नाहीत. घेणं आणि पोचणं यात तीन पायऱ्या आहेत: घेतले, पाठवले, एफबीआयने स्वीकारले. पुसट ठशांचं कार्ड परतही येतं, तेव्हा तिसऱ्या पायरीची पावती नसेल तर आधीच्या दोन फुकट.

आणखी एक कारण भाषेचं होतं. त्या काळी लष्करी कायद्यात ‘कौटुंबिक हिंसाचार’ नावाचा स्वतंत्र गुन्हाच नव्हता. बायकोला मारलं काय, बराकीतल्या सहकाऱ्याला मारलं काय, निकालपत्रावर सारखंच: कलम १२८, मारहाण. कागद हाताळणाऱ्याला त्यावरून नववं पोटकलम सुचणार कसं? पीडित व्यक्तीशी आरोपीचं नातं काय, हे निकालपत्रात लिहिलेलं नसेल तर नवव्या पोटकलमाची नोंद कुणाला तरी फाइल उघडून, वाचून, मुद्दाम करावी लागते. आणि मुद्दाम करायची कामंच मागे पडतात.

या कोऱ्या नोंदीने आणखी एक दार उघडलं. टेक्सासमध्ये त्याला निःशस्त्र सुरक्षारक्षकाचा परवाना मिळाला होता. त्यासाठी ठशांवरून तपासणी झाली आणि काही आक्षेपार्ह आढळलं नाही. दुकानातल्या नावाच्या तपासणीपेक्षा ही कडक, तरी निकाल तोच, कारण जुळवायला दुसऱ्या बाजूला ठसेच नव्हते.

न्यायालयात

मृतांचे नातेवाईक आणि जखमी अमेरिकी सरकारविरुद्ध न्यायालयात गेले. सरकारचा बचाव थोडक्यात असा होता: हा माणूस ठरवूनच होता, दुकानात नाही मिळाली तर खासगी विक्रेत्याकडून घेतली असती. हा युक्तिवाद हसण्यावारी नेण्यासारखा नाही. परवाना नसलेल्या खासगी विक्रेत्यावर केंद्रीय कायद्याने पार्श्वभूमी तपासण्याची सक्ती नव्हती, आणि टेक्सासमध्येही नाही.

न्यायाधीश झेवियर रॉड्रिगेझ यांनी तो मानला नाही. हल्लेखोराची प्रत्यक्ष वागणूक त्यांनी पाहिली: वर्षानुवर्षं तो परवानाधारक दुकानांतूनच घेत आला होता. जुलै २०२१ मध्ये त्यांनी ६० टक्के जबाबदारी सरकारवर आणि ४० टक्के हल्लेखोरावर टाकली. ज्याने गोळ्या झाडल्या त्याच्यापेक्षा ज्याने कागद पाठवला नाही त्याचा वाटा जास्त! वाचताना अडखळायला होतं, आणि या वाटणीवर टीकाही झाली. पण तर्क सरळ होता. हल्लेखोर काय करू शकतो हे सरकारइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि अडवण्याचं साधनही सरकारच्याच हाती होतं. फेब्रुवारी २०२२ मध्ये २३ कोटी डॉलरहून जास्त भरपाई ठरली. सरकार अपिलात गेलं आणि एप्रिल २०२३ मध्ये १४ कोटी ४५ लाख डॉलरवर तडजोड झाली.

दुकानावरचा दावा मात्र टिकला नाही. गिऱ्हाइकाने कोलोरॅडोचं ओळखपत्र दाखवलं होतं, आणि त्या राज्यात १५ पेक्षा जास्त गोळ्यांच्या मॅगझिनला बंदी आहे. रायफलबरोबर आलं ते तिसाचं. दुसऱ्या राज्याच्या रहिवाशाला रायफल विकताना त्याच्या राज्याचा कायदाही पाळावा लागतो. टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये ठरवलं की केंद्रीय व्याख्येत मॅगझिन हा रायफलचा भाग नाही, म्हणून रायफल विकताना कायदा मोडला गेला नाही आणि दुकानाला अशा दाव्यापासून संरक्षण आहे.

पुढे काय बदललं, काय नाही

मार्च २०१८ मध्ये ‘फिक्स निक्स’ कायदा आला. केंद्रीय खात्यांनी नोंदी पाठवल्याचं वर्षातून दोनदा प्रमाणित करायचं, योजना आखून पाळायची, न पाळणाऱ्या खात्यातल्या राजकीय नियुक्त्यांचा बोनस रोखायचा. नवीन बंदी एकही नाही, जुन्याच बंदीचं टपाल सुधारणारा कायदा. म्हणूनच तो दोन्ही पक्षांच्या मतांनी झाला असावा. लष्करी कायद्यात १२८बी हे कौटुंबिक हिंसाचाराचं स्वतंत्र कलम १ जानेवारी २०१९ पासून लागू झालं. माझ्या मते या सगळ्यात सर्वांत उपयोगी बदल हा आहे, कारण आता निकालपत्रच बोलतं. जून २०२२ च्या कायद्याने नववं पोटकलम लग्न, सहवास किंवा सामाईक मूल नसलेल्या प्रियकर-प्रेयसीच्या नात्यालाही काही अटींसह लावलं. आणि आठवं पोटकलम घटनाबाह्य ठरवणारा अपील न्यायालयाचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २१ जून २०२४ रोजी रहिमी खटल्यात ८ विरुद्ध १ मतांनी फिरवला.

हे सगळं पुढच्या खरेदीबद्दल झालं. आधीच घरात असलेल्या बंदुकीचं काय? केंद्रीय कायदा म्हणतो, दोषी ठरल्यावर बाळगायची नाही. ती कुणाकडे, किती दिवसांत, कोणत्या पावतीवर जमा करायची, हे सांगत नाही. पहिल्या पत्नीवर भरलेली बंदूक रोखल्याचाही या माणसावर आरोप होता. कबुलीच्या वेळी तो मागे घेतला गेला. अकरा शहरांतल्या २००३ च्या अभ्यासानुसार मारहाण करणाऱ्याच्या हाताशी बंदूक असली तर बाईचा जीव जाण्याचा धोका सुमारे पाचपट होतो. त्यामुळे जुनी बंदूक हा नव्या बंदुकीइतकाच प्रश्न आहे.

कॅलिफोर्नियात त्याची रीत ठरलेली आहे. संरक्षण आदेश हाती पडल्यापासून २४ तासांत बंदुका पोलिसांकडे किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे द्यायच्या, आणि ४८ तासांत पावती न्यायालयात दाखल करायची. तिथे आणखी एक गोष्ट जमेची: तातडीच्या एकतर्फी आदेशालाही हे लागू आहे. पण पावती आली नाही तर तिसऱ्या दिवशी कोण विचारणार, हे त्या-त्या न्यायालयावर आणि शेरीफवर (काउंटीच्या पोलीस प्रमुखावर) अवलंबून राहतं.

पीडितेच्या बाजूने उभं राहणाऱ्याने अशा फाइलमध्ये काय बघावं? आधी निकालपत्र: आरोपी आणि पीडितेचं नातं शब्दांत लिहिलंय का, आणि कबुलीच्या वेळी आरोपीला वकील होता का. वकील नसेल आणि त्याने तो हक्क समजून-उमजून सोडलेला नसेल, तर नवव्या पोटकलमासाठी तो निकाल धरलाच जात नाही. मग ठसे: कोणत्या तारखेला घेतले, कुणी पाठवले, स्वीकारल्याचा मजकूर कुठे आहे. मग निकालाची नोंद त्याच ठशांना जोडली गेली का. राज्याच्या खटल्यात हे सरकारी वकिलाच्या कार्यालयातून विचारून घेता येतं. लष्करी खटल्यात तळावरच्या पीडित-वकिलामार्फत लेखी विचारावं, आणि उत्तरही लेखीच मागावं. बंदुकांची यादी सहसा पीडितेकडूनच मिळते: किती, कसल्या, कपाटात की गाडीत, कुणाच्या नावावर. सुनावणीआधी ती कागदावर उतरवून घेतली तर न्यायाधीशाला आदेशात ‘सर्व शस्त्रं’ असं मोघम न लिहिता ‘ही तीन’ असं लिहिता येतं, आणि पावतीवर दोनच दिसली तर तिसरी कुठे, हे विचारता येतं.